मध्यरात्रीचा दात

यांत्रिक घड्याळे दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही दुकानात एक तक्रार ठरलेली असते. ‘वेळ अगदी बरोबर दाखवतं हो, पण तारीख दुपारी बारा वाजता बदलते!’ घड्याळाची किंमत काही लाखांत असली की तक्रारीचा सूरही त्या मानाने चढतो. इलाज मात्र एका मिनिटाचा असतो. काटे बारा तास पुढे फिरवायचे आणि मग तारीख जुळवून घ्यायची. तबकडीवर आकडे बाराच असल्यामुळे घड्याळाला दिवस आणि रात्र यांतला फरक कळत नाही, तो आपण सांगावा लागतो. कुणीतरी कधीतरी सकाळचे दहा लावताना आतल्या यंत्राला रात्रीचे दहा सांगितले, एवढाच तो बिघाड.

तरीही मला ही तक्रार क्षुल्लक वाटत नाही. दुपारी तारीख बदलणे चूक ठरते ते एका संकेतामुळे, आणि तो संकेत सर्वत्र व सर्वकाळ नव्हता. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. आर्यभटाच्या नावावर दोन पद्धती सांगितल्या जातात, दिवस सूर्योदयापासून मोजणारी औदयिक आणि मध्यरात्रीपासून मोजणारी आर्धरात्रिक. युरोपातले खगोलवेत्ते तर दिवसाचा आरंभ भर दुपारी करीत, म्हणजे रात्रीच्या निरीक्षणांच्या वहीत मध्येच तारीख बदलायला नको. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने ग्रिनिचची मध्यरात्र हा जागतिक दिवसाचा आरंभ ठरवला, तरी खगोलवेत्त्यांनी आपला प्रघात १९२४ अखेरपर्यंत सोडला नाही. दुपारी बाराला तारीख बदलणारे घड्याळ त्यांच्या टेबलावर बिनचूक ठरले असते. आपल्या मुंबईचेच पाहा. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, पण पालिकेने तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ पुढे कित्येक दशके चालवली. एकाच शहरात रेल्वेची मध्यरात्र आधी होई आणि पालिकेची नंतर. मुंबई वेळेविषयी टिपणे काढता काढताच मी घड्याळातल्या तारखेकडे वळलो.

घड्याळात हा सगळा संकेत एका दातावर येऊन ठेपतो. तबकडीखाली एक सपाट कडे असते. त्यावर १ ते ३१ आकडे छापलेले असतात आणि त्याच्या आतल्या कडेला ३१ दात असतात. तासकाट्याचे चाक बारा तासांत एक फेरी करते, त्याला जोडलेले दुसरे चाक चोवीस तासांत. या दुसऱ्या चाकावर एक बोट असते. ते दिवसातून एकदा कड्याच्या दाताला भिडते आणि कडे एक घर पुढे ढकलते. कडे आपोआप सरकू नये म्हणून स्प्रिंगने दाबलेली एक कळ दोन दातांच्या बेचक्यात बसून पहारा करते. साध्या रचनेत हे ढकलणे रात्री नऊ-दहाला सुरू होते आणि बारा-एकपर्यंत चालते. उंची रचनेत स्प्रिंग आधी हळूहळू ताणली जाते आणि मध्यरात्री एकदम सुटते. तारीख पापणी लवण्याच्या आत बदलते. हे पाहायला मी मित्रांना बारापर्यंत जागवले आहे. कुणाला त्याचे फारसे कौतुक वाटले असे म्हणवत नाही.

एवढे समजले की घड्याळ न उघडताही बराच अंदाज बांधता येतो. घड्याळ रोज रात्री अकराच्या सुमारास बंद पडत असेल तर तेल वाळलेले असते. दिवसभर यंत्र कसेबसे चालते, पण कडे ढकलण्याचा जादा भार आला की दम तोडते. खिडकीत दोन अर्धे आकडे दिसत असतील किंवा तारीख एकदम दोन घरे पुढे जात असेल तर पहारेकरी कळीवर किंवा तिच्या स्प्रिंगवर संशय घ्यावा. तारीख बाराऐवजी बारा वाजून दहा मिनिटांनी बदलत असेल तर काटे बसवताना थोडा फरक राहिला आहे, त्यासाठी झोप घालवू नये. गंभीर बिघाड एकच, तो म्हणजे बोट किंवा दात मोडणे. आणि तो बहुतेक वेळा घड्याळ स्वतः करत नाही.

रोलेक्सचे ‘डेटजस्ट’ १९४५ मध्ये आले. खिडकीत तारीख दाखवणारे, आपोआप चावी बसणारे मनगटी क्रोनोमीटर म्हणून त्याची ख्याती झाली. त्यात तारीख स्वतंत्रपणे बदलण्याची सोय नव्हती. घड्याळ चार दिवस कपाटात पडून राहिले तर मालक काटे गरगर फिरवत बसे. १९७७ च्या सुमारास त्याच घराण्यात चावी अर्धी ओढून तारीख थेट बदलण्याची सोय आली. इतर कंपन्यांनीही ती आपापल्या परीने दिली. मालकाचे श्रम वाचले, पण त्याच्या हाती एक हत्यारही आले. रात्री दहाला बोट दातात शिरलेले असते. नेमके तेव्हाच मालकाने बाहेरून कडे फिरवले तर दोन शक्ती एकाच दातावर येतात. म्हणूनच अनेक घड्याळांच्या माहितीपुस्तिकेत रात्री नऊ ते पहाटे तीनपर्यंत तारखेला हात लावू नका असे बजावलेले असते. ती पुस्तिका वाचतो कोण? सोपी रीत अशी: काटे आधी साडेसहाच्या जागी खाली आणावेत, तारीख कालची लावावी आणि मग काटे पुढे फिरवत मध्यरात्र ओलांडावी. मध्यरात्र डोळ्यांनी पाहिली की सकाळ-संध्याकाळचा घोळही राहत नाही.

दाताचे दुसरे दुखणे दिनदर्शिकेतून आले आहे. कड्याला दात ३१ आणि वर्षात पाच महिने त्याहून लहान. ही विषमता चाकांना शिकवण्याचे काम लंडनच्या टॉमस मज याने खिशातल्या घड्याळासाठी १७६२ च्या सुमारास केले. त्याआधी दहाच वर्षे, १७५२ च्या सप्टेंबरात, इंग्लंडने जुनी दिनदर्शिका सोडली होती. २ तारखेनंतर थेट १४ उजाडली. कायद्याच्या मजकुरात आशियाचाही उल्लेख असल्याने कंपनीची मुंबईही त्याच्या कक्षेत आली. मज त्या वेळी फ्लीट स्ट्रीटवर दुकान चालवत होता. अकरा दिवस गाळण्याच्या त्या अनुभवातून त्याची कल्पना निघाली असे म्हणण्याचा मोह होतो, पण त्याला कागदाचा आधार नाही, म्हणून तो मोह आवरतो.

चार वर्षांचे ४८ महिने एका चकतीच्या काठावर कोरायचे, ही या रचनेची रूढ युक्ती आहे. तीस दिवसांच्या १६ महिन्यांना उथळ खाचा, तीन फेब्रुवारींना खोल खाचा आणि लीप वर्षाच्या फेब्रुवारीला किंचित कमी खोल. पाटेक फिलिपने अशी कायमची दिनदर्शिका १९२५ मध्ये पहिल्यांदा मनगटी घड्याळात बसवली. गंमत म्हणजे आतले यंत्र १८९८ मध्ये स्त्रियांच्या गळ्यातल्या घड्याळासाठी केलेले होते.

या घड्याळांच्या कडेला बारीक खळग्यांत बटणे असतात, ती टोकदार काडीने दाबायची. तीही भलत्या वेळी दाबली की तोच घात. मालकाच्या हातापासून यंत्र वाचवण्याचा सर्वांत धीट प्रयत्न मला कुर्ट क्लाउस यांचा वाटतो. त्यांनी आयडब्ल्यूसीच्या १९८५ च्या ‘दा विंची’मध्ये ती बटणेच काढून टाकली. तारीख, वार, महिना, चार अंकी वर्ष, सगळे एका चावीने एकमेकांच्या जोडीने पुढे सरकते. मागे मात्र काहीच येत नाही. मालक दोन दिवस पुढे गेला तर त्याने घड्याळ बंद करून खरी तारीख तिथे पोचेपर्यंत थांबायचे. महिनेच्या महिने पुढे गेला तर शाफहाउझेनला पाठवायचे. पाटेकने १९९६ मध्ये वेगळी तडजोड काढली. तिच्या वार्षिक दिनदर्शिकेला वर्षातून एकदाच, फेब्रुवारी सरल्यावर, दुरुस्ती लागते. मला ही तडजोड अधिक शहाणपणाची वाटते, कारण वर्षातून एकदा तरी मालकाचा आणि यंत्राचा परिचय ताजा राहतो.

‘कायमची’ हा शब्दही सांभाळून वापरायला हवा. २१०० हे लीप वर्ष नाही. त्या वर्षी २८ फेब्रुवारीला रविवार आहे, आणि त्या रात्री ४८ महिन्यांची चकती २९ आकडा पुढे आणणार. शतकांचा हा अपवाद चाकांना शिकवणारी घड्याळे फार थोडी आहेत. आयडब्ल्यूसीने २०२४ मध्ये त्यासाठी चारशे वर्षांत एकदा फिरणारे चाक बसवले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. जुन्या डेटजस्टच्या काही कड्यांवर आकडे एकाआड एक लाल आणि काळे असत. घड्याळ कोणत्या काळातले, ते मधल्या काळात कुठे उघडले गेले का, हे ओळखायला असे कडे दस्तऐवजासारखे उपयोगी पडते. माझ्या एका स्नेह्यांकडे वडिलांचे, वेगळ्याच कंपनीचे एक जुने घड्याळ होते. त्याच्या कड्यावरचे आकडे हस्तिदंती रंगावर, थोडे तिरक्या वळणाचे होते. एका रात्री तारीख लावताना दात मोडला. त्यांनी घड्याळ एका मोठ्या सेवा केंद्रात दिले. सहा आठवड्यांनी ते परत आले, वेळेला चोख, तारीख ठीक मध्यरात्री. कडे मात्र नवे, पांढरेशुभ्र, ठसठशीत आकड्यांचे. जुने मागितले तेव्हा बदललेले भाग परत देण्याची पद्धत नाही असे उत्तर मिळाले. स्नेह्यांची तक्रार नव्हती, घड्याळ चालत होते. मला मात्र राहवले नाही. बखरीचे एक पान फाटले म्हणून त्या जागी कोरे पान शिवून द्यावे, तसे ते झाले होते.

मोडलेला दात कुशल घड्याळजी पुन्हा बसवू शकतो. जुना भाग कापून तिथे धातूचा तुकडा जडवतात आणि कानशीने त्याला आकार देतात. वेळ लागतो, नव्या कड्यापेक्षा खर्चही जास्त येऊ शकतो. ते शक्य नसेल तर कडे बदलावे, पण घड्याळ हाती देण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. तबकडीचे आणि खिडकीचे स्वच्छ छायाचित्र काढावे, शक्य तर ३१ ही तारखा फिरवून. पावतीवर ‘बदललेला प्रत्येक भाग परत द्यावा’ असे लिहून घ्यावे. आणि परत आलेला भाग पुडीत घालून, वर दुरुस्तीची तारीख लिहून, घड्याळाच्या डबीतच ठेवावा. स्नेह्यांच्या घड्याळाची आता दोनच जुनी छायाचित्रे माझ्याकडे आहेत. एकात खिडकीत ७ आहे, दुसऱ्यात १९. उरलेल्या २९ आकड्यांचे वळण कसे होते, ते कळायला मार्ग नाही.