दुभाषी आणि बाजाराची बोली

हातखंब्याच्या तिठ्यावरून गोव्याच्या दिशेने निघालं की पुढे राजापूर लागतं. 17 व्या शतकात तिथे इंग्रजांची वखार होती. मिरी आणि कापड घ्यायला आलेल्या साहेबांची सगळी भिस्त दुभाष्यावर असे. पण नुसती मराठी येऊन इथल्या बाजारात भागत नव्हतं.

कारण दलालांची बोली निराळीच. तिला नंदभाषा म्हणत. केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, अंगळू दहा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत दोन दलाल भाव ठरवून मोकळे होत आणि त्याला पत्ता लागत नसे. हे शब्द जुने आहेत. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावावर असलेल्या एका अभंगात शंकराची पाच मुखं, तीन डोळे आणि दहा हात याच आकड्यांनी मोजले आहेत. परंपरा विसोबांना ‘चाटी’ म्हणते, आणि चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. पेठेतली चोरबोली देवाच्या वर्णनाला चालली, हे मराठीचं मोठं मन.

दुभाष्याचं मोल कळायला 1674 सालचा रायगड पाहावा. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले, म्हणून 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली होती. त्या नुकसानभरपाईची बोलणी वर्षानुवर्षं रेंगाळली. मुंबईकर इंग्रजांच्या वतीने त्यांचा दुभाषी नारायण शेणवी रायगडाच्या खेपा घालत राहिला. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला, तेव्हाही शेणवी सोबत होता. 6 जूनला दरबारात नजराण्याची हिऱ्याची अंगठी त्यानेच उंच धरली, म्हणून महाराजांचं लक्ष गेलं, असं ऑक्झिंडेनची रोजनिशी सांगते. काही दिवसांतच तह झाला. किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांवरचा हक्क मात्र महाराजांनी सोडला नाही. असा नकार समोरच्याला न दुखावता पोचवायचा, तर दोन्हीकडची रीत अंगात मुरलेली हवी. तहाचा उल्लेख होतो. शेणव्याचं नाव क्वचितच घेतात. हा अन्यायच आहे.

दुभाष्याची अशीच गरज पूर्व किनाऱ्यावर डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या माणसांनाही पडली. त्याच्या तरंगमबाडीच्या ठाण्यासाठी डॅनिश धर्मोपदेशक मिळेनात, म्हणून 1706 मध्ये झीगेनबाल्ग आणि प्लुटशाउ हे जर्मन पाठवले गेले. झीगेनबाल्गला दुभाषी म्हणून हाताशी मिळाला अळगप्पन. तमिळखेरीज पोर्तुगीज, डच, डॅनिश आणि जर्मन या भाषा त्याला येत. म्हणजे जर्मन धर्मोपदेशक आणि तिथले तमिळ लोक यांच्यामधला दुवा तो ठरला. ही विद्या त्याने पुस्तकातून नव्हे, डॅनिश व्यापारी कंपनीच्या चाकरीत मिळवली होती.

आता हातखंब्यावरून हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारात जातात. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्याची जुनी रीत आजही अनेक बागायतदारांना आठवते. नंदभाषेचे आकडे मात्र फार थोड्यांच्या तोंडी उरले असतील. ज्यांच्या घरात जुने दलाल, आडते किंवा बैलबाजार केलेले आजोबा आहेत, त्यांनी या पावसाळ्यात त्यांच्याजवळ बसावं आणि ते शब्द अर्थासकट वहीत उतरवून घ्यावेत.