जुन्या लष्करी बंदुकांवरील सालांचा अर्थ

घराण्याचा इतिहास सांगणारी साधने आपल्याकडे मोजकीच असतात : वंशावळ, एखादी सनद, वतनाचे कागद आणि क्वचित भिंतीवर टांगलेली एखादी जुनी बंदूक. कागद वाचणारे जाणकार पुष्कळ आहेत. परंतु लोखंडावर उमटविलेले अक्षर वाचण्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्यामुळे बंदुकीवर जे साल दिसले तेच पूर्वजाच्या पराक्रमाचे साल, असा समज सहज रूढ होतो. तो कितपत ग्राह्य आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्या कोपर-डोंबिवलीच्या परिसराचेच उदाहरण घेऊ. इंग्रजांनी 1774 च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला घेतला व 1780 मध्ये कल्याण घेतले. कंपनीच्या शिपायांच्या हाती त्या काळी चकमकीच्या बंदुका असत. आता एखादी बंदूक त्या लढाईतील म्हणून कोणी दाखविली, तर प्रथम घोडा ज्यावर बसविला आहे ती लोखंडी पट्टी पाहावी. 1808 पूर्वी कंपनीची खूण म्हणजे चार भाग पाडलेले हृदयाकृती चिन्ह, त्यात नावाची आद्याक्षरे व माथ्यावर इंग्रजी चाराच्या आकड्यासारखी आकृती. 1808 पासून तिच्या जागी पुढच्या पंजांत मुकुट धरून उभा असलेला सिंह आला. सबब, पट्टी मागाहून बदललेली नसेल तर, सिंहाच्या ठशाची बंदूक 1780 च्या लढाईत असणे शक्य नाही. उलट, हृदयाचे चिन्ह आहे एवढ्याने ती त्या लढाईत होतीच असेही ठरत नाही. ठसा चुकीचा दावा खोडून काढतो. खरा दावा सिद्ध करण्यास कागदाची जोड लागते.

दुसरी गोष्ट अशी की, नमुन्याचे साल व घडणीचे साल ही भिन्न होत. ज्या 1853 साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली, त्याच सालच्या नावाने एन्फील्ड रायफलीचा प्रसिद्ध नमुना ओळखला जातो. परंतु पट्टीवर ‘टॉवर’ किंवा ‘एन्फील्ड’ ह्या शब्दाबरोबर 1857 वा 1862 असे जे साल असते, ते घडणीचे. पुढे 1866 पासून ह्यांपैकी असंख्य रायफली मागून काडतूस भरण्याच्या स्नायडर पद्धतीच्या करण्यात आल्या. पट्टी मात्र जुनीच राहिली. म्हणजे 1862 चा आकडा मिरविणारे शस्त्र त्या स्वरूपात 1866 पूर्वी अस्तित्वातच नव्हते.

विसाव्या शतकातील ली-एन्फील्ड रायफलीवर दस्ता जेथे जोडला जातो त्या धातूच्या भागावर उजवीकडे मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, साल व नमुना असा क्रम असतो. बंगालमधील ईशापूर कारखान्याच्या रायफलीही ह्याच रीतीने ओळखाव्यात. नळीवर निराळे साल असल्यास नळी बदललेली असण्याचा संभव असतो. ‘एफ. टी. आर.’ ह्या अक्षरांपुढील साल हे कारखान्यात झालेल्या संपूर्ण दुरुस्तीचे होय. आद्याक्षरेही सालाशी ताडून पाहावीत. व्हिक्टोरिया राणी 1901 मध्ये व सातवा एडवर्ड 1910 मध्ये निवर्तला. राणीची ‘व्ही. आर.’ ही अक्षरे व 1919 हे साल एकत्र दिसल्यास ती वायव्य सरहद्दीकडील कारागिरांनी केलेली नक्कल समजावी.

ज्ञातिबांधवांस दोन विनंत्या आहेत. शस्त्र लखलखीत करण्यासाठी ते विटकरीने किंवा पॉलिश कागदाने घासू नये. ठसा एकदा पुसला की घराण्याचा एक पुरावा कायमचा गेला. त्याऐवजी सर्व खुणा, आकडे व त्यांच्या जागा वंशावळीच्या वहीत जशाच्या तशा उतरवून ठेवाव्यात. दुसरे, 1959 च्या शस्त्र कायद्याने अग्निशस्त्रास परवाना आवश्यक आहे. जुन्या शस्त्रास मिळणारी सूट ही ते दुरुस्त करूनही चालविता येणार नाही अशाच स्थितीत लागू होते. तेव्हा पोलीस ठाण्यात खात्री करून घेणे श्रेयस्कर.

ठशाने लढाईची कथा खोटी ठरली तरी पूर्वजांस त्यामुळे उणेपणा येत नाही. पलटणीत इमानाने चाकरी केलेल्या शिपायाची नोंद खरी असेल, तर ती कल्पित सरदारकीपेक्षा पुढील पिढीस अधिक उपयोगी पडेल.