लशीची कुळकथा

इंग्रजी 'व्हॅक्सीन'चं कूळ सरळ आहे: लॅटिनमध्ये 'वाक्का' म्हणजे गाय. आपल्या 'लस' शब्दात जनावर नाहीच. जखमेतून पाझरते ती चिकट लस. कोणी तिला चरकसंहितेतल्या 'लसीके'ची लेक मानतात. माझा कौल थेट 'लस्' धातूला, ज्याचा एक अर्थ चिकटणं. लसीका हा वैद्यांच्या पोथीतला शब्द, तर फोडातून लस वाहते हे गुराख्यालाही सांगता येतं. लॅटिननं देणारी गाय पाहिली, मराठीनं वाहून आलेला द्रव. मराठीची नजर अधिक सावध, असं मला माणसाला बसवलेल्या डुकराच्या हृदयाची बातमी वाचताना वाटलं.

आधी लशीकडे. आमच्या किनाऱ्यावर चौलला शीतळादेवी आहे. रोगाचं नाव देवी, आणि लस टोचणं म्हणजेही 'देवी काढणं'. ही लस बगदाद, बसऱ्यामार्गे जहाजातून मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागली आणि मग एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात अशी फिरली. द्रवाबरोबर इतरही काही फिरायचं. इटलीतल्या रिव्हाल्टा इथं १८६१ मध्ये अशा लशीतून मुलांना उपदंश झाला. मग डॉक्टर वासरांवर लस वाढवण्याकडे वळले.

आता डुकराकडे. त्याच्या गुणसूत्रांतच काही विषाणू मुरलेले असतात. ते माणसाच्या पेशींत शिरू शकतात हे १९९७ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. २०१५ मध्ये एका डुक्करपेशीतल्या अशा ६२ प्रती निकामी केल्या गेल्या. डुकराचं ऊतक मिळालेल्या माणसांत या विषाणूंचा संसर्ग आजवर सापडलेला नाही. पण जानेवारी २०२२ मध्ये मेरीलँडला डेव्हिड बेनेट यांना बसवलेल्या हृदयात दुसराच निघाला, डुकराचा सायटोमेगॅलोव्हायरस. नाकातल्या नमुन्यात तो दिसला नव्हता, कारण तो आत दडून होता. मार्चमध्ये बेनेट वारले. मृत्यूला तोच जबाबदार होता का, यावर एकमत नाही.

यापेक्षा मला जास्त चकित केलं ते लशीच्या जनावरांकडे झालेल्या उलट प्रवासानं. लशीतला विषाणू गाईच्या देवीचाही नाही. १९०२ च्या एका जुन्या अमेरिकी लशीत तो घोड्याच्या देवीशी अगदी जवळचा निघाला. आणि म्हशींच्या कासेवर फोड आणणारा विषाणू? तो याच लशीच्या विषाणूचा भाऊबंद आहे. एक पक्ष म्हणतो, म्हशींचा हा रोग पूर्वीपासूनचा. पण मग त्याची जनुकं लशीच्या इतकी जवळ कशी? दुसरा पक्ष म्हणतो, लस बनवायला म्हशीची वासरंही वापरत, तिथूनच तो निसटला. शक्य आहे. मी मात्र दंडावरची ओली खपली चोळून दूध काढायला बसलेल्या गवळ्याला धरतो. पुरावा माझ्याकडे नाही, पण ही वाट सर्वात जवळची.

देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा. लस टोचणं बंद झालं, अलिबागकडे साठीपुढच्या माणसांच्या दंडांवर वण तेवढे राहिले. लशीचा हा भाऊबंद मात्र थांबलेला नाही: २००९ मध्ये सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत म्हशींना आणि धारा काढणाऱ्यांच्या हातांना फोड आले होते.