मूलपेशी, मेंदूतील : प्रथिनसंकेत

भ्रूणाच्या मेंदूतील पोकळीच्या कडेला राहून चेतापेशी आणि त्यांच्या सहायक पेशी घडवणाऱ्या पेशी. शेजारच्या पेशींतून पाझरणाऱ्या डब्ल्यूएनटी, बीएमपी, एफजीएफ, सॉनिक हेजहॉग या प्रथिनांचा त्यांच्या कामावर मोठा अंमल असतो. प्रथिन मूलपेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे संकेत पकडणाऱ्या रेणूला, चिकटले की आत रासायनिक क्रियांची साखळी सुरू होते आणि अखेर केंद्रकातली काही जनुके चालू वा बंद होतात. तरी नुसत्या संकेतावर काही ठरत नाही. तो घेणारी पेशी कोणत्या तयारीत आहे, हे जास्त महत्त्वाचे.

याचे काही उत्तम पुरावे मुंबईतल्या कामातून मिळाले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे १९९९पासून या विषयावर काम करतात. २०१४ साली त्यांना इन्फोसिस पुरस्कार मिळाला. मेंदूच्या बाह्यकाच्या (कॉर्टेक्सच्या) आतल्या काठाला ‘हेम’ नावाची अरुंद पट्टी असते आणि ती डब्ल्यूएनटी व बीएमपी सोडते. २००८ साली टोळे आणि कॅलिफोर्नियातील एडविन मोनुकी यांच्या गटांनी असे उंदीर अभ्यासले, ज्यांच्या मेंदूत काही ठिपक्यांपुरतेच एलएचएक्स२ हे जनुक निकामी होते. आतल्या बाजूचे ठिपके हेम बनले. एवढ्यावर थांबले नाही : त्यांच्या संकेतांमुळे अशा प्रत्येक ठिपक्याभोवतीच्या धडधाकट पेशींनी स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस घडवला. एकाच मेंदूत जागोजागी हिप्पोकॅम्पस, असा हा विलक्षण प्रकार!

कशानंतर काय घडवायचे, हेही असेच ठरते. बाह्यकातल्या मूलपेशी आधी चेतापेशी, मग ॲस्ट्रोसाइट या सहायक पेशी आणि शेवटी चेतातंतूंना मायलिनचे वेष्टन देणारे ऑलिगोडेंड्रोसाइट घडवतात. टोळे यांच्या प्रयोगशाळेच्या अलीकडच्या कामानुसार फॉक्सजी१ हे प्रथिन मूलपेशीतला एफजीएफचा एक ग्राही दाबून ठेवते. चेतापेशी घडण्याच्या काळातच फॉक्सजी१ काढून टाकले, की ग्राही वाढतो आणि ॲस्ट्रोसाइट वेळेआधी जन्मतात. त्याच वेळी एफजीएफचा संकेतही रोखला, तर मूलपेशी ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशींकडे वळतात.

हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. माणसात फॉक्सजी१ जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी बिघडली, तरी डोके लहान राहणे, फिट्स येणे, बोलणे-चालणे खुंटणे अशी लक्षणे दिसतात. ‘फॉक्सजी१ सिंड्रोम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दुर्मीळ विकारात सध्या लक्षणांवरच उपचार होतात.