गादी सोडून भिकाऱ्याच्या वेशात गेलेला पाद्री

आपल्या होटगीत मठ म्हटलं की गादी आणि गादी म्हटलं की मान, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच आज अशा एका धर्मगुरूविषयी लिहितोय, ज्यानं संघाचं प्रमुखपद मिळाल्यावर पुढच्याच वर्षी गोवा सोडला. फादर जोसेफ वाझ. आपल्या जंक्शनवरून गदग, हुबळी करत ज्या गोव्याला जाता येतं, तिथला हा माणूस.

जन्म २१ एप्रिल १६५१, बाणावलीचा. वडिलांचं गाव सांकवाळ. याच सांकवाळचा लक्ष्मीनरसिंह सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या भीतीनं वेलिंगला हलवावा लागला होता. गोव्यात इन्क्विझिशन चालू होतं. हे गाळून वाझ यांचं चरित्र सांगणं मला तरी पटत नाही.

१६७६ साली ते पाद्री झाले. पण गंमत बघा, धर्म तोच, प्रार्थना तीच, तरी युरोपियनांच्या मोठमोठ्या संघांत देशी माणसाला जवळपास प्रवेश नव्हता. मग काही गोवेकर पाद्र्यांनी जुन्या गोव्याच्या टेकडीवर, चमत्कारी क्रुसाच्या चर्चजवळ, आपलाच संघ सुरू केला. १६८५ मध्ये वाझ त्यात आले आणि प्रमुख निवडले गेले. संभाजी महाराजांच्या गोव्यावरच्या स्वारीला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. विस्कळीत मंडळींना त्यांनी नियम लावून दिले, संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या धर्तीवर.

इकडे श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, डचांनी पोर्तुगीजांना हाकललं होतं. डचही ख्रिस्तीच, पण प्रोटेस्टंट. कॅथलिक पाद्र्यांना त्यांनी बंदी घातली. गोव्यात देव लपवायची वेळ हिंदूंवर आली होती, तीच तिथं कॅथलिकांवर आली. एकाच शतकाच्या अंतरानं!

वाझ १६८६ मध्ये निघाले आणि पुढच्या वर्षी तुतिकोरीनहून होडीनं जाफन्यात उतरले. सोबत जॉन नावाचा तरुण सेवक. अंगावर मजुराचे कपडे. पोचताच हगवणीनं आजारी पडले. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागू लागले. माळ बघून घरातल्या माणसाचा चेहरा बदलला की समजायचं, हे घर आपलं. त्यानंतर रात्री गुपचूप प्रार्थना.

१६९२ मध्ये ते कँडीला गेले. तिथं बौद्ध राजा विमलधर्मसूर्य दुसरा राज्य करत होता. त्यानं आधी पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. पुढं दुष्काळात वाझ यांनी प्रार्थना केली आणि पाऊस पडला, अशी कथा सांगतात. कथेचं ज्याचं त्यानं ठरवावं. मला १६९७ ची देवीची साथ जास्त महत्त्वाची वाटते. नातेवाईकही रोग्याला टाकून पळत होते, तेव्हा वाझ आणि गोव्याहून आलेले त्यांचे सहकारी धर्म न विचारता रोग्यांना जेवण भरवत होते, मेलेल्यांना पुरत होते. त्यानंतर राजाचं संरक्षण पक्कं झालं. जे डच ख्रिश्चनांनी दिलं नाही, ते बौद्ध राजानं दिलं. आज श्रीलंकेतल्या किंवा आपल्या धर्माच्या भांडणांवर बोलताना हे कुणी सांगत नाही.

बाटवाबाटवीचं कौतुक करतोय असं कुणी म्हणेल. वाझ मुळात गेले ते तीस वर्षं पाद्र्याविना राहिलेल्या कॅथलिकांसाठी. नवे लोकही आले, हे खरं. पण मागं तोफा नव्हत्या की शिपाई नव्हते, हा फरक मोठा आहे.

बिशप होण्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी नकार दिला. दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्व्हिस त्यांच्या हाताखाली आले आणि सिंहली व तमिळमध्ये ग्रंथ लिहू लागले. वाझ मात्र गोव्याला परत गेलेच नाहीत. १६ जानेवारी १७११ ला कँडीत वारले. सोलापुरात गड्डा भरलेला असतो, त्याच दिवसांत त्यांचा सण येतो.

१४ जानेवारी २०१५ ला पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं. त्यांचा संघ मात्र १८३५ मध्येच बंद झाला, पोर्तुगालनं सगळे धार्मिक संघ मोडीत काढले तेव्हा. जुन्या गोव्यात गेलात तर टेकडीवर त्या चर्चचे अवशेष आहेत. तिथला क्रूस खाली से कॅथेड्रलमध्ये ठेवलाय.