कोलोन सुंता-निकाल, २०१२

कोलोन सुंता-निकाल : संमती देण्याइतके वय नसलेल्या मुलग्याची केवळ धार्मिक कारणासाठी केलेली सुंता, आईवडिलांची परवानगी असली तरी, शारीरिक इजा करण्याचा गुन्हा ठरते, असा जर्मनीतील कोलोन शहराच्या प्रादेशिक न्यायालयाने ७ मे २०१२ रोजी दिलेला निर्णय. तान्ह्या मुलांच्या सुंतेविषयी धर्मपंडित आणि डॉक्टर यांच्यात फार पूर्वीपासून वाद चालत होता. या निकालाने तो कायद्यासमोर उभा केला आणि वर्ष संपण्याआधी जर्मन संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. मुलाच्या निरोगी शरीरात कायमचा बदल करण्याचा अधिकार पालकांना आहे की तो निर्णय मुलासाठी राखून ठेवायचा, हा या वादाचा गाभा आहे.

प्रथा : शिश्नाच्या टोकावरील त्वचा, म्हणजे अग्रत्वचा, कापून काढणे म्हणजे सुंता. ज्यू धर्मात ती जन्मानंतर आठव्या दिवशी करतात. तिचा आधार बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात असून ती अब्राहामाशी झालेल्या कराराची खूण मानली जाते. ही सुंता ‘मोहेल’ हा प्रशिक्षित धर्मसेवक करतो. बाळ आजारी असल्यास विधी पुढे ढकलावा, आणि सुंतेमुळे दोन भाऊ दगावले असतील तर तिसऱ्याची करू नये, असे तालमूद या ज्यू धर्मग्रंथात सांगितले आहे. हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आनुवंशिक विकार, याच्या सर्वांत जुन्या नोंदींत या नियमाची गणना होते. कुराणात सुंतेचा उल्लेख नाही, परंतु पैगंबरांच्या परंपरेवरून मुस्लिम समाजात ती सर्वत्र रूढ आहे. शाफी पंथ तिला अनिवार्य मानतो, तर हनफी व मालिकी पंथ सुन्नत, म्हणजे पैगंबरांचे अनुकरणीय आचरण, मानतात. सुंतेच्या वेळचे मुलाचे वय देशपरत्वे बदलते. ख्रिस्ती धर्माने पहिल्या शतकातच तिची सक्ती सोडली, तरी कॉप्टिक आणि इथिओपियाच्या ख्रिस्ती समाजात ती टिकून आहे.

समाजाची ओळख या विधीशी किती घट्ट जोडलेली असते, याचे ठळक उदाहरण कोकणात आहे. बेने इस्राएल हा ज्यू समाज अनेक शतके बाकीच्या ज्यू जगापासून तुटला होता. हिब्रू भाषा विसरली गेली, धर्मग्रंथ हाती राहिले नाहीत. मात्र शनिवारची सुटी, खाण्याचे नियम, ‘शमा’ ही प्रार्थना आणि आठव्या दिवसाची सुंता टिकली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. याच खुणांवरून पुढे त्यांचे ज्यू असणे ओळखले गेले.

खटला : नोव्हेंबर २०१० मध्ये कोलोनमधील एका डॉक्टरांनी मुस्लिम आईवडिलांच्या विनंतीवरून त्यांच्या चार वर्षांच्या मुलाची सुंता केली. दोन दिवसांनी रक्तस्राव सुरू झाल्याने आईने मुलाला रुग्णालयात नेले आणि प्रकरण सरकारी वकिलांपर्यंत गेले. शस्त्रक्रियेत वैद्यकीय चूक नव्हती, हे स्थानिक आणि प्रादेशिक अशा दोन्ही न्यायालयांनी मान्य केले. स्थानिक न्यायालयाने २०११ मध्ये डॉक्टरांना निर्दोष सोडले, त्यावर सरकार पक्षाने अपील केले. प्रादेशिक न्यायालयानेही डॉक्टरांना सोडले, पण वेगळ्या कारणाने : कृत्य बेकायदा आहे, परंतु त्या वेळी कायद्याची स्थिती इतकी अस्पष्ट होती की डॉक्टरांचा गैरसमज टाळता येण्याजोगा नव्हता. आरोपीच सुटल्यामुळे त्याच्याकडून वरच्या न्यायालयात दाद मागण्याचा प्रश्न उरला नाही.

युक्तिवाद : जर्मन राज्यघटना पालकांना मुलांच्या संगोपनाचा हक्क देते आणि सर्वांना धर्मस्वातंत्र्यही देते. मात्र मुलाच्या शारीरिक अखंडतेच्या हक्कापुढे हे दोन्ही हक्क मर्यादित होतात, असे न्यायालयाने म्हटले. सुंतेने शरीर कायमचे बदलते. मोठेपणी आपला धर्म आपण ठरवण्याच्या मुलाच्या हिताला ते बाधक आहे. मूल स्वतः निर्णय घेऊ शकेल तोवर थांबण्याने पालकांचे फारसे काही बिघडत नाही, असेही मत न्यायालयाने मांडले. या विचाराची मांडणी पासाऊ विद्यापीठातील कायदेतज्ज्ञ होल्म पुत्झके यांनी २००८ पासून केली होती. यातील थांबण्याचा मुद्दा इस्लामी प्रथेला काही अंशी लागू पडतो, ज्यू प्रथेला पडत नाही. तिथे आठवा दिवस हाच आज्ञेचा भाग आहे.

प्रतिक्रिया : निकाल जूनमध्ये सर्वांना कळला आणि जर्मनीतील सुमारे चाळीस लाख मुस्लिम व एक लाखाहून अधिक ज्यू रहिवाशांत अस्वस्थता पसरली. बर्लिनच्या ज्यू रुग्णालयाने सुंता तात्पुरत्या थांबवल्या. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या बालरुग्णालयानेही काही काळ तसेच केले. इ.स.पू. दुसऱ्या शतकात चौथा अँटायोकस या राजाच्या आणि पुढे रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात सुंतेवर बंदी आली होती. नाझी राजवटीत सुंतेच्या खुणेवरून ज्यू पुरुष ओळखले जात. असा इतिहास असलेल्या देशात ही प्रथा गुन्हा ठरणे ज्यू समाजाला अस्तित्वावरचा घाला वाटले. दुसऱ्या बाजूला बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आणि बालहक्कांच्या पुरस्कर्त्यांनी निकालाचे स्वागत केले.

कायदा : बुंडेस्टाग या जर्मन संसदेच्या सभागृहाने १९ जुलै २०१२ रोजी सरकारला कायदा करण्यास सांगितले. जर्मन नीतिशास्त्र परिषदेने ऑगस्टमध्ये चार अटी सुचवल्या : पालकांना पूर्ण माहिती देऊन संमती, योग्य वेदनाशमन, कुशल हातांनी शस्त्रक्रिया आणि मुलाच्या नकाराचा मान. १२ डिसेंबरला विधेयक मंजूर झाले आणि नागरी संहितेत १६३१-ड हे कलम आले. वैद्यकीय गरज नसतानाही मुलग्याच्या सुंतेला पालक संमती देऊ शकतात, मात्र ती वैद्यकशास्त्राच्या नियमांनुसार झाली पाहिजे आणि मुलाच्या हिताला धोका नसावा. पहिल्या सहा महिन्यांत धर्मसंस्थेने नेमलेली प्रशिक्षित व्यक्ती डॉक्टर नसली तरी ती करू शकते. मुलगा चौदा वर्षांचा होईपर्यंत थांबावे, असा काही खासदारांनी मांडलेला पर्यायी मसुदा फेटाळला गेला. २०१३ मध्ये हाम येथील उच्च प्रादेशिक न्यायालयाने एका आईला सहा वर्षांच्या मुलाची सुंता करण्यास मनाई केली. मुलाला त्याच्या वयानुसार समजावून त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे त्या न्यायालयाने बजावले.

वैद्यकीय पुरावा : नवजात मुलाची अग्रत्वचा शिश्नाच्या टोकाला चिकटलेली असते आणि काही वर्षांत हळूहळू सुटते. हा रोग नव्हे. आयुर्वेदातील निरुद्धप्रकश, म्हणजे आजचा फायमोसिस, ही वेगळी विकृती होय. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांनी १९४९ मध्ये हा फरक दाखवून दिला. त्यानंतर ब्रिटनमध्ये सरसकट सुंता झपाट्याने कमी झाली. अमेरिकेत मात्र हस्तमैथुन रोखण्याच्या एकोणिसाव्या शतकातील भ्रामक कल्पनेतून पसरलेली ही प्रथा रुग्णालयांत रुजली. अमेरिकन बालरोग अकादमीने १९७१ मध्ये नवजात मुलांच्या सुंतेला वैद्यकीय आधार नसल्याचे म्हटले. ऑगस्ट २०१२ मध्ये, जर्मनीत वाद पेटलेला असतानाच, तिने लाभ धोक्यांहून अधिक असल्याचे मत दिले, पण सर्व मुलांसाठी शिफारस करण्याइतके ते लाभ मोठे नसल्याचेही नमूद केले.

लाभ खरे आहेत, पण मर्यादित आहेत. मूत्रमार्गाचा एक संसर्ग टाळण्यासाठी साधारण शंभर निरोगी मुलांची सुंता करावी लागते. दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथील चाचण्यांत सुंतेमुळे पुरुषांना स्त्रियांकडून होणारी एचआयव्हीची लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जास्त प्रादुर्भावाच्या भागांसाठी सुंतेची शिफारस केली. त्या चाचण्यांतील सहभागी मात्र स्वेच्छेने आलेले प्रौढ पुरुष होते. तान्ह्या बाळासाठी हा पुरावा वापरताना ही मर्यादा लक्षात ठेवणे आवश्यक आहे. समर्थकांचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही : प्रशिक्षित हातांनी केल्यास अर्भकावस्थेत गुंतागुंत मोठ्या मुलांपेक्षा कमी होते. रक्तस्राव व जंतुसंसर्ग हे नेहमीचे धोके आहेत. गंभीर इजा विरळ असते.

इतर देश : स्वीडनने २००१ मध्येच परवाना व वेदनाशमन सक्तीचे केले होते. आइसलँडमध्ये २०१८ साली बंदीचे विधेयक आले, पण मंजूर झाले नाही. भारतात मुलग्यांच्या सुंतेविषयी स्वतंत्र कायदा नाही. तिच्यावर बंदी मागणारी याचिका केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळली.

मूल्यमापन : कोलोनच्या न्यायालयाने बाळाला हक्कधारक नागरिक मानले, हे या निकालाचे मोल आहे. हजारो वर्षांची परंपरा असलेल्या समाजाला एका फौजदारी निकालाने गुन्हेगार ठरवता येत नाही, हे संसदेनेही योग्यच ओळखले. बंदीमुळे विधी थांबला नसता, चोरून आणि अकुशल हातांनी झाला असता. तरीही कायद्यात एक उणीव राहिली. भुलीचे इंजेक्शन देणे हे डॉक्टरांचे काम आहे. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीच्या हाती बहुधा फक्त बधिर करणारे मलम उरते आणि ते पुरेसे नसते. भूल न देता सुंता झालेली मुले काही महिन्यांनी लस टोचतानाही अधिक कळवळतात, असे टोरांटोतील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले आहे. उत्पत्तीतील आज्ञेत दिवस नेमलेला आहे, वेदनेची अट घातलेली नाही. म्हणून संमतीचा वाद मिटो वा न मिटो, पुरेशा भुलीशिवाय आणि प्रशिक्षित हातांशिवाय कोणत्याही बाळाची सुंता होता कामा नये.