ध्वनीचा नमुना आणि त्याची नोंद

‘नमुना’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि महसुली दप्तरात इतका रुळला की, सर्वपरिचित सातबारा हाही मुळात गाव नमुना ७ व १२ यांचाच उतारा होय. नमुना कोठला व कशाचा, हे सांगणारी नोंद त्याच्या अर्थातच गृहीत असते. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात ध्वनिमुद्रिका तयार झाल्या. भाषेचे नाव लिहिले नसते तर अभ्यासकास त्यांचा काय उपयोग झाला असता?

सॅम्पलर या यंत्राचा विचार याच दृष्टीने करावयास हवा. फेअरलाइट (१९७९) व एम्युलेटर (१९८१) ही आरंभीची महागडी यंत्रे. १९८२ साली सीडी बाजारात आली आणि १९८८ च्या अकाई एस १००० ने तिचेच मान स्वीकारले : सेकंदास ४४,१०० मोजमापे, प्रत्येक १६ बिटांचे. त्याच्या २ मेगाबाइट स्मृतीत एकेरी ध्वनी जेमतेम २४ सेकंद मावे. सीडीवरून ध्वनी घेण्याचे मार्ग दोन. संगीताची सीडी वाजवून ध्वनी मुद्रित करावयाचा, तर पातळी जुळविणे, आघाताच्या आधीची शांतता कापणे, मूळ स्वर ठरविणे हे सारे स्वतः करावे लागे. सीडी-रॉमवरून मात्र हा संस्कार झालेला ध्वनी आयता यंत्रात भरता येई. पहिल्या मार्गात निदान कान तरी राबत असे.

परंतु भरलेल्या ध्वनीस नाव द्यावयाचे ते १२ चिन्हांत, तेही रोमन लिपीत. संबळाचा आघात घेतला, तर तो माहूरच्या रेणुकेच्या गोंधळातील की तुळजापूरच्या भवानीच्या, वाजविणारा कोण, हे त्या बारा चिन्हांत कसे मावावे? शिवाय असा ध्वनी एक सप्तक वर चढविला की त्याचा काळ निम्मा होतो. मानवी आवाज असेल तर स्वरांची ओळख पटविणारे अनुनादही त्याबरोबर सरकतात. ‘आ’चा गुण पालटतो. बोलीच्या अभ्यासकास ही हानी क्षुल्लक वाटणार नाही.

नांदेड-लातूरकडील वाद्यवृंदांत आज ऑक्टापॅडवर हलगी व संबळ वाजतात. ‘ऑक्टापॅड’ हे १९८५ च्या एका रोलंड यंत्राचे नाव. आपल्याकडे ते सामान्यनामच झाले आहे. या पॅडांतील प्रत्येक ध्वनी कोणाच्या तरी हातचा आहे. वादक हयात आहेत तोवर गाव, वादक, वाद्य व तारीख यांची नोंद करून मूळ वादन मुद्रित करणे, हे काम भाषाविभागांनी संगीताच्या अभ्यासकांवर सोपवून मोकळे होऊ नये.